केस आहे म्हणून सांग

दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस ‘केस पेपर काढा’ म्हणाला तरी अजून माझं टाळकं सरकतं. लेक समजावते, आई, तो साधा शब्द आहे, कागदाचं नाव आहे ते. असेल. पण त्या एका शब्दाच्या जोरावर ती जगात आली आणि त्याच शब्दापायी तिच्या पाठीवर कोणी आलं नाही. हे तिला ठाऊक आहे. मी पहिल्यापासून सांगायला लागले की ती हसते, कारण गोष्ट हसण्यासारखीच आहे. मला अजून हसू येत नाही. राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

गोष्ट आणीबाणीतली. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, नुसता तालुका होता, आणि जिल्ह्याचं गाव एसटीनं फार लांब. माझं माहेर किन्हीराजाकडचं, सासर मेडशीच्या रस्त्यावरून आत काळ्या मातीत. आमची वस्ती गावाच्या एका अंगाला, निळ्या झेंड्यापाशी. नवरा एका पाटलाकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. घरात हे, मी आणि माझी सासू. तिला सगळी वस्ती बुढी म्हणायची आणि मीही. मी सातवी पास होते. इतकी शिकलेली सून वस्तीत दुसरी नव्हती. बुढीला त्याचा अभिमान होता आणि थोडी भीतीही.

आमच्या भागाला जिल्हा परिषदेचं एक आरोग्य केंद्र होतं. आम्ही त्याला दवाखानाच म्हणायचो. दगडी इमारत, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली जीप. जीप मोठी देखणी होती. ती आम्ही लग्नात पाहिली होती, सभापतीच्या पाहुण्यांना स्टँडवरून आणताना पाहिली होती, पंधरा ऑगस्टला शाळेत बुंदीची टोपली आणताना पाहिली होती. आजारी माणूस तिच्यात बसलेला मात्र कोणाला आठवत नव्हता. साप चावलेला माणूस बैलगाडीतून यायचा, तापानं फणफणलेलं लेकरू बापाच्या खांद्यावरून यायचं, आणि जीप लिंबाखाली सावलीत उभी असायची.

पुढे मी बालवाडीत लागले, पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा यामागचं शास्त्र मला कळलं. सरकारी पैसा एका गाठोड्यात नसतो. त्याचे कप्पे असतात. कचेरीत त्यांना ‘हेड’ म्हणतात, आणि या हेडातला पैसा त्या हेडात गेला तर आभाळ कोसळतं. जीपची टाकी एकच, पण कागदावर तिच्यात दोन पेट्रोलं होती. एक पेशंटचं आणि एक कुटुंब नियोजनाचं. पेशंटचं दिवाळीच्या आधीच उडून जायचं. कोणाच्या लग्नात उडायचं ते वर सांगितलंच. कुटुंब नियोजनाचं मात्र त्या वर्षी आटतच नव्हतं, कारण वरून आकडा आला होता की इतक्या नसबंद्या झाल्याच पाहिजेत. तलाठ्याला आकडा, मास्तरला आकडा, ग्रामसेवकाला आकडा. आकडा भरला नाही तर पगार अडकायचा. त्यामुळे ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय.

आणि ही माणसं नसबंदीला नसबंदी म्हणत नसत. ‘केस’ म्हणत. आज किती केसेस झाल्या, उद्या किती केसेस येतील. आमच्या लोकांना हा अर्थ माहीत नव्हता. आमच्यात केस एक तर डोक्यावरचे, नाही तर कोर्टातली. नसबंदी हा शब्द मात्र शेंबड्या पोराला ठाऊक होता. रस्त्याला जीपचा आवाज आला की वस्तीतले बापे कापसाच्या पऱ्हाटीत नाही तर तुरीत पसार व्हायचे. आमचे हेही व्हायचे. मी पोटुशी होते तरी बांधावर उभी राहून, जीप गेली, या आता घरी, अशी हाळी मी कितीदा दिली असेल. म्हणजे ज्या गाडीला पाहून नवरा पळायचा, तीच गाडी पुढे त्याला पायीपायी जाऊन आणावी लागली.

पायीपायी चुकून लिहिलं. सायकलवरून. पाटलाची सायकल होती.

माझे दिवस भरले तेव्हा कापूस वेचणी सुरू होती. पहिलटकरीण होते. कळा आदल्या दिवशी सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी काही सुटकेचं चिन्ह दिसेना. वस्तीतली दाई अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली. तिनं हात पुसले आणि बुढीला बाहेर नेऊन सांगितलं, तरी मला ऐकू आलं.

“माह्या हातचं नाई आता. दवाखान्यात न्या. पन बैलगाडीत घालू नोका, बाई. धक्क्या-धक्क्यानं रस्त्यातच जाईन.”

कोण जाईल ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

हे सायकल घेऊन निघाले. दवाखान्यात काय झालं ते त्यांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की आता मीच तिथे उभी होते असं वाटतं. खिडकीवर कंपाउंडर बसला होता. यांनी हात जोडून सांगितलं, बायको अडली आहे, पेशंट लय सीरियस आहे, गाडी पाठवा.

“पेट्रोल नाही,” कंपाउंडर म्हणाला. “पेशंटला घेऊन ये. आम्ही पाहतो.”

“आनू कशी, साहेब? बैलगाडीत घालता येत नाई म्हंते दाई.”

“मग मी काय करू? पेट्रोल नाही सांगितलं ना.”

गाडी समोर उभी. ड्रायव्हर तिची काच पुसत होता. हे बाहेर येऊन लिंबाखाली मटकन बसले. शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाल्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो मायेनं म्हणाला, आणि मायेनंच म्हणाला, यात मला शंका नाही:

“पेशंट काहून म्हंतं बावा? पेशंटले कोनी इचारत नाई इथी. केस हाये म्हनून सांग. केस म्हनलं का गाडी निघते.”

यांना वाटलं, पेशंट हा साधा शब्द असेल आणि केस हा साहेबांचा. जसं आपण दवाखाना म्हणतो आणि पाटीवर आरोग्य केंद्र लिहिलेलं असतं, तसं. टपरीवाल्यानं अर्थ सांगितला नाही कारण त्याला वाटलं, अर्थ कोणाला माहीत नाही? आणि यांनी विचारला नाही कारण घाई होती. हे पुन्हा आत गेले, पण खिडकीवर नाही, मागच्या खोलीत. तिथे आरोग्य सेवक कपाळाला हात लावून बसला होता. त्याचा आकडा भरत नव्हता.

“केस हाये साहेब,” हे म्हणाले. “आमच्या गावात.”

तो ताडकन उठला. “पक्की?”

“एकदम पक्की. घरीच हाये.”

“आम्ही येईपर्यंत पळणार तर नाही?”

“कुठी पळते, साहेब? चार जन धरून बसले हायेत.”

आरोग्य सेवकाला वाटलं, काय गाव आहे! पेट्रोलचा प्रश्न कोणी काढला नाही. चहा अर्धा टाकून ड्रायव्हर गाडीत बसला. कंपाउंडर खिडकीतून म्हणाला, शाब्बास रे. यांची सायकल जीपच्या मागे बांधली आणि यांना पुढच्या सीटवर बसवलं. यांच्या आयुष्यात यांना पुढच्या सीटवर कोणी बसवण्याची ती पहिली वेळ. हे मनात म्हणत होते, सकाळीच केस म्हणालो असतो तर.

जीप वस्तीत शिरली तेव्हा बापे पऱ्हाटीत पळाले. बाया दाराशी उभ्या राहिल्या. मी आत बाजेवर दात खाऊन पडले होते. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

“कुठे आहे केस?”

“हे काय, आत हाये,” बुढी म्हणाली. “उचला लवकर, बाबू.”

आरोग्य सेवक दारात वाकला आणि मला पाहून मागे सरला. मग जो ओरडला तो ओरडला. ही केस? ही तर डिलिव्हरी! मला फसवलं! सरकारी माणसाला फसवतोस? यांना काही उमजेना. हे पुन्हा-पुन्हा तेच म्हणत राहिले, साहेब, केसच आहे, लय सीरियस केस आहे. ड्रायव्हरनं मात्र कपाळावर हात मारून घेतला. तो बिचारा त्यांच्यातल्या त्यांच्यात लहान माणूस.

“आता मी वहीत काय लिहू?” तो म्हणाला. “गाडी कुटुंब नियोजनाच्या हेडात निघाली. केस नाही दाखवली तर पेट्रोल माझ्या पगारातून कापतात.”

हेड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कळ आली होती आणि माझ्या पायाशी दाई बसली होती, आणि माझ्या दारात तीन पुरुष, मी कोणत्या कप्प्यात बसते यावर वाद घालत होते. एक बाई मरते आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. ड्रायव्हरचे तर डोळे भरून आले होते. पण बाई मरण्याला हेड नव्हतं.

बुढी जाऊन जीपच्या पुढच्या चाकाशी मांडी घालून बसली.

“गाडी आली हाये तं इले घेऊनच जाईन,” ती म्हणाली. “नाई तं माह्या अंगावरून जाईन.”

आरोग्य सेवकानं एकवार बुढीकडे पाहिलं, एकवार घड्याळाकडे. मग त्यानं यांना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात, जणू काही बैलाचा सौदा करतो आहे, अशा रीतीनं सांगितलं. केस म्हणजे नसबंदीची केस. गाडीत केस बसली तर बायको बसेल. घरात पुरुष कोण? तूच. हो म्हण, आत्ता उचलतो.

आदल्या महिन्यापर्यंत हेच यांनी पऱ्हाटीत पालथं पडून चुकवलं होतं.

“चला,” हे म्हणाले. “मी केस.”

मी आतून ओरडले. नाही म्हणून ओरडले की कळेनं ओरडले, हे मला आता ठरवता येत नाही. मला उचलून मागे घातलं, बुढी माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि जी गाडी सकाळपासून पेट्रोल नाही म्हणून उभी होती ती धूळ उडवत भरधाव निघाली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं मला पाहिलं आणि बाही वर केली. पण कापूस मागितला तर कापूस नव्हता. बाहेर मैल-मैल रान पांढरं झालेलं, कारंज्याच्या बाजारात गाड्यांची रांग, आणि त्या मुलखातल्या सरकारी दवाखान्यात कापसाचा बोळा नाही. पडदे मात्र होते. सगळ्या खिडक्यांना, दोन खोल्यांच्या मधल्या दारालासुद्धा, कोरे करकरीत फुलाफुलांचे पडदे. आणि पिकदाण्या. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या, एकदाही न वापरलेल्या पिकदाण्या. ते शास्त्रही मला पुढेच कळलं. मार्च संपला की उरलेला पैसा वर परत जातो, आणि परत जाणं म्हणजे नाचक्की, म्हणून मार्चच्या शेवटी ज्याला जे सुचेल ते घेतात. त्या मार्चला कोणाला तरी पडदे आणि पिकदाण्या सुचल्या होत्या. बुढीनं लुगड्याचा पदर टर्रकन फाडून डॉक्टरच्या हाती दिला.

पडद्याच्या पलीकडे हे होते. कंपाउंडरचा आवाज येत होता.

“लेकरं किती?”

“आता पयलं होऊन राह्यलं, साहेब. थे पा, तिकडे.”

“पहिलं? मग केस बसत नाही.” मग कंपाउंडर म्हणाला, “तीन लिहितो.”

“तीन? बाकी दोन कोनते, साहेब?”

“असू दे की. दोन मुलगे लिहितो आणि हे तिसरं. मुलगे असले म्हणजे वर कोणी शंका काढत नाही.”

त्यानं त्या दोघांना नावंसुद्धा ठेवली. ती मी ऐकली, आणि ती मला आजही पाठ आहेत. इथे लिहिणार नाही. त्यांचं बारसं मी केलेलं नाही.

लेक रडली ती यांच्यावर कात्री चालत असताना. पडद्यापलीकडून यांचा आवाज आला.

“काय झालं वं माय?”

“पोट्टी झाली!” बुढी ओरडली.

“जित्ती हाये ना?”

“हाये.”

“अन् थे?”

“थे बी हाये. गप पड आता.”

माझ्या आयुष्यात मला मिळालेला सगळ्यात मोठा मान म्हणजे माझ्यासाठी विचारलेलं ते ‘अन् थे?’ आणि तो मान मला कुठे मिळाला, तर मार्चच्या पडद्याआडून.

केसला सरकार पैसे द्यायचं. ते दवाखान्यातल्या दवाखान्यातच जिरले. आमच्या हाती एक घोंगडी आली. घरी सोडायला जीप मिळाली नाही, कारण केस होऊन गेली होती. आम्ही दोघं जखमी आणि एक तान्ही, आणि बुढी, असे पाटलाच्या बैलगाडीतून आलो. आता धक्के चालत होते.

इथवर मी सगळं गिळलं असतं. खरंच सांगते. लेक जिवंत होती, मी जिवंत होते. हे बाजेवर पडल्या-पडल्या लेकीला बोट धरू द्यायचे आणि म्हणायचे, एक तर एक. बुढी बाहेर जाऊन रडून यायची, पण आमच्यासमोर नाही. मी गिळलं असतं. पण त्या कागदावरच्या दोघांनी मला गिळू दिलं नाही.

लेक काही महिन्यांची झाली तेव्हा नर्सबाई लस टोचायला वस्तीत आली. पायी हिंडणारी, उन्हानं करपलेली बाई. तिच्याजवळ गावातल्या लेकरांची यादी होती. माझ्या दारात येऊन म्हणाली, तिघांना आणा. मी एकीला आणलं. तिनं यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि बाकीच्या घरांकडे निघून गेली. परत आली तेव्हा तिची पेटी रिकामी होती.

“डोस संपले, बाई,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला टोचते हिला.”

“अन् त्या दोघांचं?” मी विचारलं. मी टोमणा मारला होता.

तिनं खाली पाहिलं. “त्यांचे दिल्याचे दाखवले. नाही दाखवले तर मला वरून विचारतात, तिथे मुलं आहेत आणि तू सोडून कशी आलीस. त्यांच्या नावाचे डोस दवाखान्यातूनच कमी येतात. कुठे जातात ते मला विचारू नका.”

पुढच्या खेपेला ती आली नाही. तिची बदली झाली होती. मग कोणीच आलं नाही. आणि लेकीला डांग्या खोकला झाला. ज्या खोकल्याची ती लस होती, तोच. लेकरू खोकता-खोकता निळं पडायचं. हे तिला उलटं धरायचे, बुढी पाठ चोळायची, आणि मी दारात उभी राहून शिव्या द्यायची. कोणाला द्यायची? समोर कोणी नव्हतं. ज्वारी होती. दवाखान्यात नेलं तर नवा कंपाउंडर म्हणाला, हिला तर टोचलेलं असायला पाहिजे, घरातल्या मोठ्या दोघांना टोचलेलं दिसतं. मी त्याच्या टेबलावरची पिकदाणी उचलली होती. यांनी माझा हात धरला म्हणून, नाही तर तिचा पहिला खरा उपयोग त्या दिवशी झाला असता.

लेक वाचली. तिच्याच दमानं वाचली. त्या दोघांना मात्र त्या साली जीवनसत्त्वाचा डोस मिळाला, जंताच्या गोळ्या मिळाल्या. सरकारनं माझ्या लेकरांवर खर्च केला नाही, असं मी म्हणू शकत नाही. ज्यांना पोट नव्हतं त्यांच्या पोटात घातला.

आणीबाणी उठली, राज्य पालटलं. मग बातमी आली की ज्यांची चुकीची नसबंदी झाली, म्हणजे ज्यांना मूलबाळ नाही किंवा एखादंच आहे, त्यांची नस मोठ्या दवाखान्यात पुन्हा जोडून देतात. फुकट. जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र मात्र पाहिजे. बुढीनं बातमी आणली आणि त्या दिवसापासून ती आमच्या मागेच लागली. मलाही पाहिजे होतं. खोकल्याच्या त्या दिवसांत मला कळलं होतं की एका लेकरावर जीव टांगून ठेवणं म्हणजे काय. यांना पाहिजे होतं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण साल ठरवताना पाटलाकडून एक दिवसाची सुट्टी मागून घेतली.

आम्ही चौघं एसटीनं गेलो. कचेरीत बाकावर बसवून ठेवलं. लेक बाकाखाली खेळत होती. आत बोलावलं तेव्हा साहेब चांगला वागला. बसा म्हणाला. लेकीला टेबलावरचा काचेचा गोळा खेळायला दिला. मग त्यानं आमचा कागद पाहिला आणि मान हलवली.

“तुम्हाला तीन मुलं आहेत. तुम्ही यात बसत नाही.”

मी सगळं सांगितलं. पेट्रोल, जीप, केस, पडद्याआडचा कंपाउंडर. साहेबानं मध्ये तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हे मी लिहून कसं देऊ? मग ती केस खोटी ठरेल. त्या साली त्या केंद्राला बक्षीस मिळालं आहे. शिवाय त्या मुलांवर पुढे खर्च पडलेला आहे, लसी आहेत, औषधं आहेत. ती नव्हतीच म्हटलं तर सगळंच उकरावं लागेल.” मग त्यानं यांच्याकडे पाहून विचारलं, “बरं, ते दोघं आहेत कुठे?”

हे खुर्चीवरून उठले.

“तुमच्यापाशीच हायेत, साहेब,” हे म्हणाले. “तुमीच पैदा केले, तुमीच नाव ठेवलं, तुमीच टोचून राह्यले. आता मोठे झाले असतीन. द्या वापस, घेऊन जातो.”

साहेब हसला. मग आमच्यातलं कोणी हसत नाही हे पाहून थांबला. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. त्याला आमचं भलं करायचं होतं.

“एक मार्ग आहे. दोन्ही मुलं दगावली असं लिहून द्या. तापानं म्हणा, हगवणीनं म्हणा. गावातून दाखला आणा. मग एकच मूल उरतं आणि तुम्ही बसता. मी स्वतः पत्र काढतो.”

त्यानं कोरा कागद आणि पेन आमच्यापुढे सरकवलं. बुढी लगेच म्हणाली, “लिहून दे ना रे. तुह्यं काय जाते? नाईतच थे.” मी पेन उचललं. सातवी पास मीच होते.

यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

“नाई,” हे म्हणाले. “बापानं लेकराचं मरन लिहून द्याचं नसते.”

“अहो, पण ती मुलं नाहीतच ना,” साहेब म्हणाला.

“नसतीन. पन बापाच्या रकान्यात नाव माह्यं हाये. अन् हे जित्ती खेळून राह्यली तुमच्या पायापाशी. हिच्यासमोर मी हगवन-ताप लिहून देऊ?”

त्यांनी लेकीच्या हातातला काचेचा गोळा काढून घेतला, पुसून टेबलावर ठेवला, आणि तिला कडेवर घेतलं.

बसमध्ये मी त्यांना काय-काय बोलले, ते मेडशीच्या फाट्यापर्यंत सगळ्या बसनं ऐकलं. घरादाराची आशा तुम्ही एका वेड्या शंकेपायी बुडवलीत म्हटलं. सही मी केली असती म्हटलं. ते खरं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी पेन उचललं होतं, हे खरं. कागदावर टेकवलं नव्हतं, हेही खरं. हे खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि लेक त्यांच्या मांडीवर झोपली.

त्या कचेरीतल्या कोणालाही एक ओळ खोडायची हिंमत झाली नाही. त्यापेक्षा दोन लेकरं मारणं त्यांना सोपं वाटलं, तेही आमच्या हातून. माझा राग आहे तो एवढाच, आणि तो मी बरोबर घेऊन जाणार आहे. माझ्या त्या दोन मुलग्यांना कोणी मारलं नाही. कागदावर ते अजून जिवंत असतील. आम्ही चौघं संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो, आणि ते दोघं कचेरीतच राहिले.